ऐकायचा टोन

आमच्या कंपनीत मी टेलिफोन बोर्डावर होते. मुंबई-पुणे रस्त्यावरच्या पिंपरीच्या मुख्य कारखान्यात ऑफिसच्या जिन्याखाली एक खोली होती. एरवी अशा जागेत माणसं केरसुण्या आणि मोडक्या खुर्च्या ठेवतात. कंपनीनं तिथं बोर्ड ठेवला आणि बोर्डापुढं मला. खिडकी नव्हती. पण दोन कॉलच्या मध्ये पुष्कळ वेळ मिळायचा, आणि वाचनालयातून आणलेलं पुस्तक मांडीवर उघडं ठेवलं तर ते दारातून दिसत नसे. माझं बरंचसं वाचन कंपनीच्या खर्चानं झालेलं आहे.

वेळ मिळायचा, कारण फोन लागत नसत. तळेगावच्या आमच्या युनिटला सकाळी ट्रंक कॉल नोंदवला तर तो जेवणाच्या सुट्टीत लागायचा, आणि तेव्हा तिकडचा माणूस जेवायला गेलेला असायचा. चाकणला आमचं एक गोदाम होतं. चाकण म्हणजे तेव्हा कांदा-बटाट्याचा बाजार आणि एसटीचा थांबा. तिथला फोन पावसाळ्यात बंद पडायचा, आणि उन्हाळ्यात तो पावसाळ्यात बंद पडला होता म्हणून बंद असायचा. महत्त्वाचे निरोप ट्रक ड्रायव्हरच्या खिशातून जात. ड्रायव्हरनं वाटेत शर्ट बदलला तर निरोपही बदलायचा.

म्हणून कंपनीनं वायरलेस घ्यायचं ठरवलं. दिल्लीहून परवाना यायला इतका काळ गेला की ज्या साहेबांनी अर्ज केला होता ते निवृत्त होऊन नाशिकला द्राक्षं लावत होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा कधीतरी खोकी आली. मुख्य ऑफिसला तीन-चार सेट, तळेगावला, चाकणला आणि साहेबांच्या गाड्यांमध्ये एकेक, आणि चाकणच्या वाटेवरच्या एका टेकडीवर रिपीटर. रिपीटर म्हणजे मधला माणूस. खालच्या सेटचा आवाज लांब पोचत नाही, म्हणून तो टेकडीवर ऐकायचा आणि तिथून जोरानं पुन्हा सोडायचा.

सेट आले तसा तो आला. पिंपरीचाच मुलगा. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, याचा आयटीआयचा कोर्स. कंपनीनं त्याला वायरलेस टेक्निशियन म्हणून टेंपररीवर घेतलं. गेटजवळची पत्र्याची खोली त्याला मिळाली. तो अत्तर लावायचा, केसांचा फुगा राखायचा आणि कुठल्याही यंत्राबद्दल अशा खात्रीनं बोलायचा की जणू ते त्याच्या लग्नाच्या वरातीत नाचलं होतं. मी त्याला उस्ताद म्हणायचे. सुरुवातीला चेष्टेनं, मग सवयीनं. तो मला ताई म्हणायचा आणि माझ्या मांडीवरच्या पुस्तकाची खबर ठेवायचा.

"ताई, ती मेली का?"

"कोण?"

"मागच्या आठवड्यात आजारी होती ती. पान तर बरंच पुढं गेलंय."

"ते दुसरं पुस्तक आहे."

"म्हणजे मेली."

वरातीचा उल्लेख मी उगाच केला नाही. त्याचं लग्न ठरत होतं. मुलगी तळेगाव दाभाड्याची, बापाचा टायरचा व्यापार. मुलीनं याला पाहिलं होतं, यानं मुलीला. "आता तिचा बाप राहिला," तो म्हणाला. "तो मला नाही बघणार, कंपनी बघणार." बापाची अट एकच होती, मुलगा कंपनीत पर्मनंट पाहिजे. दुकानदाराची पोर दुकानदाराला द्यायची नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. त्यानं आयुष्यभर दुकान केलं होतं, त्यामुळे त्याला ते माहीत होतं. आणि आमच्या ॲडमिनसाहेबांनी उस्तादला सांगितलं होतं की वायरलेस नीट चालू झाला की दसऱ्यानंतर ऑर्डर काढतो.

ॲडमिनसाहेबांबद्दल सांगायला हवं. ते वाईट नव्हते. त्यांना फक्त समारंभ लागायचा, कुणाला जेवणानंतर पान लागतं तसा. त्यांनी थंड पाण्याच्या मशीनचं उद्घाटन करवलं होतं. सायकल स्टँडवर पत्रा पडला तेव्हा फीत कापून घेतली होती, आणि ती फीत कापायला आलेल्या पाहुण्यांची गाडी पत्र्याखाली मावली नाही म्हणून उन्हात उभी होती. वायरलेससाठी त्यांनी थेट मुंबईहून चेअरमनसाहेबांना बोलावलं. दिवस धरला खंडेनवमीचा. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची, कामगारांच्या घरच्या माणसांना आत यायला मुभा असायची, लाडू वाटले जायचे. सगळं आयतं होतं.

आता टोनचं सांगते. हे मला उस्तादनंच समजावलं, जिन्याखालच्या खोलीत स्टुलावर बसून.

सेट आले त्या आठवड्यात एक सेट मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवून पाहिला. दिवसभर त्यातून खरखर. वेल्डिंग शॉपमध्ये ठिणगी उडाली की खरखर, रस्त्यावरून स्कूटर गेली की खरखर, आणि मधेच कुठल्या तरी परक्या कंपनीच्या गाडीतला माणूस आपल्या टायरबद्दल शिव्या देताना ऐकू आला. ॲडमिनसाहेब म्हणाले, "मोठ्या साहेबांच्या टेबलावर हे असलं नको. आपलं माणूस बोलेल तेव्हाच सेटनं तोंड उघडावं." उस्ताद म्हणाला, होईल. त्याला टोन असतात.

टोन म्हणजे आवाजाच्या खाली चाललेली एक बारीक गुणगुण. माणसाच्या कानाला ती कळत नाही, यंत्राला कळते. सेटच्या पोटात एक छोटी पत्र्याची डबी बसवायची, तिला रीड म्हणतात. प्रत्येक डबी आपल्या ठरलेल्या सुरातच थरथरते. सेटला दोन खाचा होत्या. एका खाचेत डबी बसवली की तुम्ही बोलताना ती गुणगुण तुमच्या आवाजाबरोबर जाते, आणि टेकडीवरचा रिपीटर ती ओळखली तरच दार उघडतो. हा पाठवायचा टोन. दुसऱ्या खाचेत डबी बसवली की तुमचा सेट कान मिटून बसतो, आणि येणाऱ्या आवाजाबरोबर तीच गुणगुण असेल तरच उघडतो. हा ऐकायचा टोन.

"म्हणजे ओळखीचा सूर लागल्याशिवाय ऐकणारच नाही," मी म्हटलं.

"बरोबर. साहेब लोकांचा सेट आहे, ताई."

त्यानं सगळ्या सेटमध्ये दोन्ही डब्या बसवल्या. फक्त आपल्या पत्र्याच्या खोलीतल्या एका सेटला ऐकायच्या टोनची डबी लावली नाही. दुरुस्ती करणाऱ्याला सगळंच ऐकावं लागतं, खरखरसुद्धा. मग आम्ही चाचणी घेतली. सेटला दोन चॅनेल होते, एक सरळ समोरासमोरचा आणि एक टेकडीवरून जाणारा. सरळ चॅनेलवर तो गेटजवळून बोलायचा आणि मी जिन्याखालून. माझा सेट गप्प बसायचा, आणि तो बोलला की टक्क उघडायचा. खरखर नाही, स्कूटर नाही. चमत्कारच होता, आणि तो चमत्काराचं श्रेय घ्यायला अजिबात लाजला नाही.

राहिला टेकडीचा चॅनेल. त्याची चाचणी झालीच नाही, कारण टेकडीवरचा रिपीटर चालू करायला मनाई होती. यंत्र बसलं होतं, वीज आली होती, दाराला आंब्याची डहाळीही बांधून झाली होती. उस्ताद ॲडमिनसाहेबांकडं गेला. त्या वेळी मी निमंत्रणपत्रिकांचे पत्ते तपासायला तिथंच बसले होते.

"साहेब, पाच मिनिटं चालू करून बघतो. कुणाला कळणार नाही."

"मग चेअरमनसाहेब काय चालू करणार?"

"साहेब, आपण परत बंद करू ना."

"म्हणजे उद्घाटन झालेल्या यंत्राचं उद्घाटन? नवरी मांडवात येण्याआधी नांदून आली, असं सांगायचं का त्यांना?"

पाहुण्यांनी दाबायचं एक बटणही होतं, पितळी, मखमलीच्या गादीवर. त्याची वायर टेबलाखालच्या एका लाल दिव्यापर्यंत जात होती आणि तिथं संपत होती. रिपीटर टेकडीवरचा आमचा इलेक्ट्रिशियन मनगटातलं घड्याळ बघून चालू करणार होता.

मी उस्तादला विचारलं, "तपासल्याशिवाय चालेल?"

"चालेल म्हणजे काय, ताई? टोन आत गेला की बाहेर येणारच. नळात पाणी सोडलं तर दुसऱ्या टोकाला काय दूध निघतं?"

मला त्यातलं काही कळत नव्हतं. त्याला कळत होतं, आणि तरी त्याला वाटलं तसं नव्हतं. टेकडीवरचा रिपीटर टोन ओळखायचा, दार उघडायचा आणि टोन तिथंच ठेवून घ्यायचा. पायताणं दाराबाहेर काढून ठेवावीत तसा. खाली येणारा आवाज बिनटोनचा असायचा. टोन पुन्हा लावून सोडायचा असेल तर रिपीटरमध्ये एक जादा कार्ड लागतं, आणि ते आमच्या ऑर्डरमध्ये नव्हतं. हे आम्हाला नंतर मुंबईहून आलेल्या इंजिनिअरनं चहा पिता पिता सांगितलं. हवेवर पाच मिनिटं मिळाली असती तर उस्तादला ते स्वतःच कळलं असतं.

अजून एक गोष्ट राहिली. सेटच्या दर्शनी बाजूला एक छोटा स्विच होता. तो दाबला की ऐकायचा टोन बाजूला होई आणि सेट सगळंच ऐकू लागे, खरखरीसकट. सेट बनवणाऱ्यांनी तो शहाणपणानं ठेवला होता. समारंभाच्या आदल्या दिवशी पितळी पाट्या आल्या, चेअरमनसाहेबांच्या नावाच्या, प्रत्येक सेटला एक. पाटी बसेल अशी सपाट जागा सेटवर एकच होती.

"साहेब, त्याच्याखाली स्विच आहे," उस्ताद म्हणाला.

"कसला?"

"टोन बाजूला करायचा."

"बाजूला का करायचा? आपणच टोन मागितलाय ना?"

उस्तादनं पाट्यांचं खोकं उचललं. त्यानंच स्क्रू पिळून पाट्या बसवल्या, आणि त्या सरळ बसाव्यात म्हणून तो डोळा बारीक करून पाहत होता. त्याचं काम नेहमी सरळ असायचं.

खंडेनवमीला सकाळी लेथ मशीनपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा आणि हळदीकुंकू. उस्तादनं आपल्या सेटना स्वतः माळा घातल्या, एरियलला सुद्धा. मग माझ्या खोलीशी येऊन म्हणाला, "ताई, आलेत."

"चेअरमन?"

"ते येतील कधीही. सासरे आलेत. तळेगावच्या गाडीनं. माझ्या खोलीत बसवलंय, सेटच्या समोर. म्हटलं, मांडवात गर्दी, इथं बसा, इथून सगळी कंपनी ऐकू येते." त्यानं केसांवरून हात फिरवला. "तुम्ही जरा माझं नाव घ्या ना हवेवर. टेक्निशियनचे आभार वगैरे. खणखणीत."

घेईन म्हटलं. माझ्यासाठी ॲडमिनसाहेबांनी एक वाक्य लिहून दिलं होतं. चेअरमनसाहेब मांडवातल्या सेटवरून बोलले की मी जिन्याखालून म्हणायचं, "आकाशमार्गे आपलं सहर्ष स्वागत असो." मग तळेगाव स्वागत करणार, मग चाकण. त्यानंतर माझ्या पदरचं एक वाक्य मी घालणार होते. ॲडमिनसाहेबांनी बँडवाल्याला सांगून ठेवलं होतं, सेटमधून बाईचा आवाज आला की सुरू कर.

मुहूर्ताची वेळ झाली. मांडवाच्या बाजूनं टाळ्या ऐकू आल्या, म्हणजे लाल दिवा लागला. मी सेटकडं बघत बसले. सेट गप्प. जरा वेळानं मला वाटलं, भाषण लांबलं असेल. आणखी थोड्या वेळानं मी बटण दाबून विचारलं, "हॅलो, मुख्य ऑफिस बोलतंय, ऐकू येतंय का?" काही नाही. पुन्हा विचारलं. सेटवर ती पितळी पाटी चकाकत होती आणि तिच्यात माझंच तोंड दिसत होतं.

मग आतला फोन वाजला. ॲडमिनसाहेब, दात आवळून. "बाई, उत्तर का देत नाही? साहेब बोलून बोलून थकले!"

"साहेब, मला काही ऐकूच आलं नाही. मी केव्हाची विचारतेय."

"इथं काही आलं नाही. तुम्ही पुस्तक वाचत होता का?"

त्या दिवशी खरंच वाचत नव्हते. पण ज्या माणसाचा इतिहास असतो त्यानं अशा वेळी बोलू नये. मी हेडफोन उतरवून बाहेर आले. जिन्याखालून निघालं की मांडव समोरच होता. चेअरमनसाहेब सेटपुढं उभे होते, हातात माइक, कपाळावर कुंकू, ओठांवर एक हसू जे त्यांना आता खाली उतरवता येत नव्हतं. बँडवाला ट्रम्पेट तोंडाशी धरून बाईच्या आवाजाची वाट बघत होता. सगळा कारखाना, बायकापोरांसह, एका मुक्या खोक्याकडं बघत होता.

आणि गेटकडून उस्ताद धावत येताना दिसला. मांडवाच्या तोंडाशी वॉचमननं त्याला अडवलं. आत जायला छातीवर कागदी फूल लागत होतं, आणि फुलं पर्मनंट माणसांनाच दिली होती.

"अरे सोड, राव! मशीन माझंय!"

"मशीन कंपनीचं हाय. फूल दाखव."

तो वॉचमनच्या हाताखालून वाकून आत शिरला. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. कुणाला काही न सांगता, कुणाला न विचारता, भर मांडवात, चेअरमनसाहेबांच्या पोटापुढं वाकून त्यानं त्यांच्याच नावाची पाटी उघडायला सुरुवात केली. ॲडमिनसाहेबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. देवाच्या मूर्तीचा मुखवटा कुणी ओढून काढावा तसे ते बघत राहिले. पाटी लोंबकळली, उस्तादनं खालचा स्विच दाबला, आणि सेटचं तोंड एकदम उघडलं. मांडवातल्या लाउडस्पीकरचा माइक शेजारीच होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. तळेगावचा आमचा ऑपरेटर होता. मावळातला माणूस, गळा मोठा.

"...आरं, कुनी हाय का न्हाई तिकडं? सकाळधरनं बोंबलतुया मी! त्यो मुंबईचा बाबा आला का लाडू खाऊन निजला?"

पोरं हसली. मग बायका हसल्या. मग सगळेच. चेअरमनसाहेबही हसले, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे, आणि ते खरं हसले. पण ॲडमिनसाहेब हसले नाहीत. बँडवाल्याला वाटलं, आला आवाज, बाईचा नसेना का. त्यानं वाजवायला सुरुवात केली.

माझं आभाराचं वाक्य राहून गेलं.

त्याच दुपारी उस्तादनं सगळ्या सेटमधल्या ऐकायच्या टोनच्या डब्या काढून टाकल्या. तेवढंच करायचं होतं. एक डबी ओढून काढायची. संध्याकाळी तळेगाव, चाकण, टेकडी, सगळं खणखणीत चालू होतं, खरखरीसकट. मला वाटलं, झालं, मिटलं.

दसरा गेला, दिवाळी गेली, ऑर्डर निघाली नाही. त्याची टेंपररीची मुदत संपली आणि ती वाढवायची नाही असं ठरलं. मी ॲडमिनसाहेबांकडं गेले. म्हटलं, साहेब, चूक झाली खरी, पण तपासायला मागितलं होतं त्यानं, माझ्यासमोर. आणि त्यानंच दुरुस्त केलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. ते खरोखर मला समजावून सांगायचा प्रयत्न करत होते.

"बाई, मुद्दा त्या डबीचा नाही. मुद्दा पाटीचा आहे. सेट बंद राहिला असता तर आपण म्हणालो असतो, तांत्रिक कारण. चेअरमनना चाललं असतं. तांत्रिक कारण कुणालाही चालतं. यानं पाटी काढली."

बंद यंत्र त्यांना चाललं असतं, हे मला पटलं. "तुम्ही बोर्ड सांभाळा," ते म्हणाले, आणि मी परत जिन्याखाली आले. उस्ताद जाताना भेटून गेला नाही. माझी सुट्टी होती त्या दिवशी तो येऊन गेला, असं नंतर कळलं. त्यानं बोर्डावर अत्तराची एक कुपी ठेवली होती. माझ्या जागी बसणाऱ्या बाईनं ती वापरून टाकली होती, अर्ध्याहून जास्त.

ऐकायचा टोन नव्हता ते वर्ष मात्र मजेचं गेलं. सगळे सगळ्यांचं ऐकायचे. चाकणच्या गोदामवाल्याला मुलगी झाली ते तळेगावला आधी कळलं आणि त्याला नंतर. तळेगावचा ऑपरेटर सकाळी सगळ्यांना पाऊसपाणी विचारायचा. मोठ्या साहेबांनी खरखरीला कंटाळून आपला सेट कपाटात ठेवला. मग पुढल्या वर्षी ते जादा कार्ड आलं, नवा टेक्निशियन आला, उस्तादनं काढलेल्या डब्या माझ्याच खणात मिठाईच्या खोक्यात होत्या, त्या त्यानं मागून नेल्या आणि परत बसवल्या. या वेळी आधी चालू करून बघितलं. साहेब लोकांच्या सेटना त्यानं वेगळ्या सुराच्या डब्या बसवल्या. तळेगावचा माणूस पाऊसपाणी विचारायचा बंद झाला, की विचारत होता आणि इकडं कुणाचा सेट उघडत नव्हता, कुणास ठाऊक.

उस्ताद मला पुन्हा भेटला तो टीव्हीचे दिवस सुरू झाल्यावर. चिखलीच्या रस्त्याला, वेल्डिंगच्या दुकानाशेजारी त्यानं गाळा घेतला होता. मी ट्रान्झिस्टर घेऊन गेले होते. तिथं तो असेल हे मला माहीत होतं, आणि ट्रान्झिस्टर फारसा बिघडलेला नव्हता. केसांचा फुगा गेला होता. अत्तर होतं.

"ताई! कोण मेलं?"

"कुणी नाही. हल्ली विनोदी वाचते."

त्यानं स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. मी इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारलं, तळेगावचं काय झालं. त्याच वर्षी तिचं दुसरीकडं लग्न झालं होतं, पुण्याला, डेपोतल्या एका पर्मनंट माणसाशी. तो हे ट्रान्झिस्टरच्या पोटात बघत सांगत होता.

"ऑर्डर निघाली नाही म्हणून?"

"नाही हो. ऑर्डरचं त्यांना कुठं माहीत होतं? त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. खंडेनवमीलाच."

आणि मग त्यानं मला सांगितलं, त्या दिवशी पत्र्याच्या खोलीत काय झालं ते. आमचे सगळ्यांचे सेट कान मिटून बसले होते. पण बोलत सगळेच होते, आणि पाठवायचे टोन ठीक होते. त्यामुळे आम्ही जे जे बोललो ते टेकडीवर जाऊन खाली येत होतं. ते ऐकू शकेल असा सेट साऱ्या कंपनीत एकच होता, उस्तादचा. त्यानं आणि मुलीच्या बापानं सगळं ऐकलं. चेअरमनसाहेबांचं भाषण. मग चेअरमनसाहेब ॲडमिनसाहेबांना "हा खोका तुम्ही चोरबाजारातून आणला का" असं विचारत होते तेही, कारण त्यांच्या बोटाखालचं बटण सुटलं नव्हतं. तळेगावच्या शिव्या. चाकणवाल्याचं हॅलो हॅलो. आणि मी.

"मला पहिल्या मिनिटात कळलं, ताई, काय झालंय. नळात पाणी सोडलं होतं, दुसरीकडं नुसती हवा आली. मी माइक घेतला. म्हटलं, मुख्य ऑफिस, पाटी काढा, खालचा स्विच दाबा. तळेगाव, पाटी काढा. साहेब, पाटीखालचा स्विच. सगळ्यांना सांगत होतो. कुणाला ऐकू जात नव्हतं."

"आणि ते शेजारी बसले होते."

"खुर्चीवर. टोपी मांडीवर." त्यानं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. "त्यांना काय वाटलं असेल, तुम्हीच विचार करा. चेअरमन बोलतायत, तळेगाव बोलतंय, चाकण बोलतंय, तुम्ही बोलताय. त्यांच्या हिशेबी सगळी कंपनी एकमेकांशी बोलतेय. फक्त हा एक जण बोंबलतोय आणि त्याला कुणी जवाब देत नाही. मी धावत मांडवाकडं गेलो, परत आलो, तेव्हा ते जायला उठले होते. मला म्हणाले, बेटा, तू बोलतोस खूप. पण तुझं इथं कुणी ऐकत नाही."

"समजावून सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना. टोन, रीड, टेकडी, सगळं. ते हो हो म्हणाले. ऐकायचा टोन नव्हता त्यांना." तो हसला, मीही हसले, आणि आम्ही दोघं लगेच थांबलो.

वेल्डिंगच्या दुकानात ठिणगी उडाली आणि त्याच्या बाकावरच्या रेडिओत खरखर झाली. तो हात न धुता चहा प्यायला. मी म्हटलं, मी आभाराचं वाक्य तयार ठेवलं होतं. तो म्हणाला, माहीत आहे.

"कसं?"

"तुम्ही ते म्हटलं. विसरलात? 'ऐकू येतंय का' म्हणून थकलात, आणि मग जरा वेळानं हळूच म्हटलंत, कुणीच नसेल तर आमच्या टेक्निशियनचे आभार तरी मानून घेते. सासऱ्यांनी ऐकलं. मान डोलावली."

मला ते आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पाटीत दिसणारं माझं तोंड आठवतं, ते हललं असेल.

"मग तू काय केलंस?"

"जवाब दिला, ताई. तुम्ही विचारत होता ना. दर वेळी दिला. येतंय, म्हटलं. ऐकू येतंय, बोला."

ट्रान्झिस्टर त्यानं बंद करून माझ्या हातात दिला. बिघाड काही नव्हता, म्हणाला, नुसती धूळ होती.